आईसाठी वजनाचं इंजेक्शन: ब्रँड ठरवण्याआधी

तुमच्या पत्राचा गाभा आधी मांडतो, म्हणजे पुढचं उत्तर कशाचं आहे ते वाचणाऱ्याला कळेल. तुम्ही पुण्यात नोकरीला, आई-अण्णा तासगावजवळच्या गावात, घर द्राक्षबागेवर चालतं. आई ५८ वर्षांच्या, उंची १५२ सेंटिमीटर, वजन ९२ किलो. साखर नऊ वर्षांपासून, तीन महिन्यांची सरासरी म्हणजे एचबीएवनसी ८.६. बीपी आहे, थायरॉइडची गोळी चालू आहे, दोन्ही गुडघे गेलेत. मिरजेच्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, "वजन उतरवा, मग सांधा बदलू." तुमचे प्रश्न असे: मौंजारो, वेगोवी की देशी सेमाग्लुटाइड? किती महिने? ओळखीतला एकजण बिलाशिवाय स्वस्तात इंजेक्शनचं पेन आणून देतो, घ्यावं का? आईला 'साखरेचं नवीन इंजेक्शन' एवढंच सांगून सुरू करावं का, कारण वजनाचा विषय काढला की त्या जेवणाच्या ताटावरून उठतात? आणि जाता जाता: बहिणीचं लग्न ठरलंय, तिलाही चालेल का?

मी सांगलीत मेडिसिनची प्रॅक्टिस करतो. गेल्या काही महिन्यांत या इंजेक्शनांबद्दल पेशंटपेक्षा पेशंटची मुलंच जास्त विचारतात. त्यामुळे तुमचा प्रश्न नवा नाही, पण उत्तराची सुरुवात तुमच्या चौथ्या प्रश्नापासून करावी लागेल.

आईपासून लपवून हे औषध सुरू करू नका. अंग त्यांचं आहे, हे तर आहेच. पण समजा ते कारण बाजूला ठेवलं, तरी निव्वळ व्यवहार म्हणूनही हे चालत नाही. या औषधानं पहिल्या दोन-तीन महिन्यांत मळमळ, उलटी, जुलाब किंवा बद्धकोष्ठ होणं अगदी नेहमीचं. ज्याला माहीत आहे तो दोन घास कमी खातो, एक दिवस पातळ जेवतो, आणि निभावतं. ज्याला माहीत नाही त्याला वाटतं पित्त झालं. मग गावातल्या डॉक्टरकडे जाऊन सलाईन लावून घेतलं जातं. त्या डॉक्टरलाही इंजेक्शनाचा पत्ता नसतो, तो पित्ताची गोळी लिहून देतो आणि साखरेच्या गोळ्या आहेत तशाच चालू राहतात. क्वचित कधी स्वादुपिंडाला सूज येते: पोटाच्या वरच्या भागात सुरू होऊन पाठीत जाणारी, न थांबणारी कळ. अशा वेळी "मी अमुक इंजेक्शन घेते" हे वाक्य पेशंटच्या तोंडून यायला हवं. तुम्ही तेव्हा हिंजवडीत मीटिंगमध्ये असाल.

शिवाय 'साखरेचं इंजेक्शन' हे तुमच्या आईच्या बाबतीत खोटं नाहीच. टिर्झेपॅटाइड (म्हणजे मौंजारो) आणि सेमाग्लुटाइड (वेगोवी, ओझेंपिक) ही मुळात डायबेटिसची औषधं. खाल्ल्यावर आतड्यातून जीएलपी-वन नावाचं संप्रेरक सुटतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं, जठर हळू रिकामं होऊ देतं आणि मेंदूला पोट भरल्याचं कळवतं. आपलं स्वतःचं संप्रेरक दोन-चार मिनिटांत नष्ट होतं. औषधातलं आठवडाभर टिकतं, म्हणून आठवड्याला एकच टोचणं. टिर्झेपॅटाइड जीआयपी नावाच्या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं. तेव्हा सांगा सगळं: साखरेसाठी आहे, त्यानं भूक कमी होईल, वजनही उतरेल, सुरुवातीला मळमळेल. (गावात कुणीतरी 'पालीच्या विषाचं इंजेक्शन' म्हणेल. त्यात अर्धं खरं आहे. या जातीचं पहिलं औषध २००५ साली अमेरिकेत मंजूर झालं, ते गिला मॉन्स्टर नावाच्या तिकडच्या वाळवंटी सरड्याच्या लाळेतल्या पदार्थावरून सुचलेलं होतं. आत्ताच्या औषधांत सरड्याचं काही नाही.)

ताटावरून उठण्याबद्दल एक सांगतो. या वयाच्या बायकांना वजनावरून आजवर जे ऐकावं लागलंय ते बहुतेक लग्नकार्यात, चार माणसांत, हसत हसत. मुलानं विषय काढला की त्यांना तेच पुढे चाललंय असं वाटतं. तुम्ही किलोचा उल्लेखच करू नका. त्यांना काय करता येत नाहीसं झालंय ते विचारा. देवळाच्या पायऱ्या? बागेत छाटणीच्या वेळी चक्कर? खाली मांडी घालून बसणं? त्यातली जी गोष्ट त्या स्वतः बोलतील, ती औषधाचं कारण ठरू द्या. आणि शक्य असेल तर हे बोलणं फोनवर करू नका.

आता अपेक्षा किती ठेवायची ते पाहू. रील्समध्ये दिसतात ते आकडे बहुतेक डायबेटिस नसलेल्या लोकांचे असतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. टिर्झेपॅटाइडच्या २०२२ च्या चाचणीत सर्वांत मोठ्या डोसला ७२ आठवड्यांत २०.९ टक्के. पण डायबेटिस असलेल्यांवर वेगळ्या चाचण्या झाल्या. तिथे सेमाग्लुटाइडला ९.६ टक्के आणि टिर्झेपॅटाइडला डोसप्रमाणे १२.८ ते १४.७ टक्के एवढंच उतरलं. साखरेच्या पेशंटचं वजन कमी उतरतं, हे या सगळ्या औषधांत दिसतं. तुमच्या आईच्या ९२ किलोवर हिशेब लावा: साधारण नऊ ते साडेतेरा किलो, तेही दीड वर्षात, आणि सरासरी म्हणजे काहींचं याहून कमीच. नव्वदीवरून एकदम पासष्टवर येण्याचं चित्र तुमच्या किंवा त्यांच्या डोक्यात असेल तर आत्ताच पुसा. नाहीतर सहाव्या महिन्यात, औषध व्यवस्थित काम करत असतानाच, 'काही उपयोग नाही' म्हणून बंद होईल.

गुडघ्याचं मात्र चित्र बरं आहे. २०२४ मध्ये ४०७ जणांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. वजन जास्त आणि गुडघ्याची झीज, अशा लोकांना ६८ आठवडे सेमाग्लुटाइड दिलं. दुखण्याचा गुणांक (० ते १०० च्या मापावर) ४१.७ नं उतरला. पण मला त्यातली दुसरी ओळ जास्त महत्त्वाची वाटते. ज्यांना औषधाऐवजी पाण्याचं इंजेक्शन मिळालं, त्यांचंही दुखणं २७.५ नं उतरलं. दोन्ही गटांना खाण्याचं आणि हालचालीचं मार्गदर्शन होतं. म्हणजे इंजेक्शन घ्या न घ्या, त्या मार्गदर्शनाचा वाटा तुमच्या आईला उद्यापासून मिळू शकतो.

आता मुख्य मुद्दा, ज्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही: तुम्ही फोटो काढून पाठवलेला आईचा गोळ्यांचा डबा. माझ्या मते ब्रँडपेक्षा जास्त वेळ या डब्यावर घालवायला हवा. त्यात आहे साखरेसाठी मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड, वेगळी टेनेलिग्लिप्टिन, बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड एकत्र असलेली गोळी, थायरॉक्सिन, आणि गुडघे दुखतील तेव्हा घ्यायची दुखण्याची गोळी, जी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय येते.

ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो नसो, इन्सुलिन पिळून काढतं. इंजेक्शनानं भूक निम्म्यावर आली आणि ही गोळी जुन्याच डोसमध्ये राहिली, तर साखर खाली जाणार. दुपारी घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. घरात कुणी 'उन्हानं झालं' म्हणेल. ज्या दिवशी पहिलं इंजेक्शन, त्या दिवशी या गोळीचं काय करायचं हे डॉक्टरनं लिहून दिलेलं असलं पाहिजे. साखर किती आहे त्यावरून ती बरेचदा निम्मी करतात, कधी बंदच. तुमच्या आईची एचबीएवनसी ८.६ आहे, त्यामुळे निर्णय घाईचा नाही, पण लेखी हवा. घरात ग्लुकोमीटर हवा, आणि तो वापरता येणारं माणूस हवं. साखर ७० च्या खाली दिसली किंवा लक्षणं आली तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासणी. अण्णांना हे पाठ असू द्या.

इंजेक्शन सुरू झालं की टेनेलिग्लिप्टिन लागत नाही. ती आणि हे इंजेक्शन एकाच वाटेनं काम करतात. दोन्ही एकत्र घेऊन फायदा वाढत नाही, खर्च तेवढा वाढतो. तरी कितीतरी चिठ्ठ्यांवर दोन्ही सोबत चालू राहतात, कारण जुनी गोळी बंद करायला कुणी सांगतच नाही.

सर्वांत धोक्याचं त्रिकूट पुढचं. टेल्मिसार्टन, त्याच गोळीतलं लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड आणि दुखण्याची गोळी ही तीन एकत्र असताना उलट्या-जुलाबानं अंगातलं पाणी कमी झालं, तर किडनीवर एकदम ताण येतो. नऊ वर्षांच्या साखरेनंतर किडनी आधीच किती शिल्लक आहे ते कळलंच पाहिजे. म्हणून सुरू करण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन. सुरू केल्यावर दुखण्याची गोळी स्वतःच्या मनानं घ्यायची नाही. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल, लावायचा मलम, शेक. आणि ज्या दिवशी उलट्या-जुलाब आहेत, पाणीसुद्धा टिकत नाही, त्या दिवशी कुठल्या गोळ्या थांबवायच्या याची यादी डॉक्टरकडून आधीच घेऊन फ्रीजवर चिकटवा. मेटफॉर्मिनही त्या यादीत येईल. एप्रिल-मे मध्ये तासगाव, जत, आटपाडीकडे ऊन कसं असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. मला विचाराल तर मी पहिला डोस भर उन्हाळ्यात सुरू करत नाही. घाई नसेल तर पाऊस पडू देतो.

थायरॉइडबद्दल लोक घाबरतात कारण माहितीपत्रकात 'थायरॉइड कॅन्सर' असा शब्द असतो. तुमच्या आईचा थायरॉइड मंदावलेला आहे. त्याला हे औषध चालतं. मनाई आहे ती मेड्युलरी नावाच्या विशिष्ट थायरॉइड कॅन्सरला किंवा मेन-टू या आनुवंशिक आजाराला, स्वतःला असो की घराण्यात. मामा-मावशीत कुणाचा थायरॉइड कॅन्सर झाला असेल तर तो कुठल्या प्रकारचा होता, जुनी फाईल शोधा. वजन उतरल्यावर थायरॉक्सिनचा डोसही बदलावा लागतो, त्यामुळे तीन-चार महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) परत करायचा.

आणि डोळे. हे बहुतेक लोक विसरतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या चाचणीत डोळ्याच्या पडद्याची गुंतागुंत औषध घेणाऱ्यांत ३ टक्के आणि न घेणाऱ्यांत १.८ टक्के दिसली. बरेच दिवस वाढलेली साखर झपाट्यानं खाली आली की आधीच खराब असलेला पडदा आणखी बिघडू शकतो. मागच्या वर्षी मोतीबिंदूसाठी डोळे दाखवले होते, तेवढ्यानं भागत नाही. बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी करून घ्या. मिरज-सांगलीत त्याची सोय मुबलक आहे. तपासणीनंतर काही तास अंधुक दिसतं, तेव्हा सोबत कुणीतरी जा. पित्ताशयात खडे आहेत का, हे जुन्या सोनोग्राफीत पाहा. वजन भराभर उतरलं की खडे होण्याची शक्यताही वाढते.

आता ताट. आपल्याकडे जेवणात आग्रह असतो आणि पोट भरल्यावरही अर्धी भाकरी खपते. या औषधावर ती शेवटची अर्धी भाकरी खपत नाही, ती उलटून येते. उलटीच्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात: सावकाश खाणं, पोट भरल्याचं जाणवताच थांबणं, तळलेलं आणि तेलकट कट कमी करणं, जेवून लगेच आडवं न होणं. घरातल्या सगळ्यांनी वाढणाऱ्याचा हात आवरायचा. हे सुनेला सांगता येत नसेल तर डॉक्टरनं सांगितलंय म्हणून सांगा.

दुसरी बाजू जास्त नाजूक आहे. भूक कमी झाल्यावर माणूस जे थोडंफार खातो ते चहा-खारी, भडंग, पोहे आणि आमटीचं पाणी असेल, तर चरबीसोबत स्नायूही झडतात. चाचण्यांत उतरलेल्या वजनाचा पाव हिस्सा ते चाळीस टक्के भाग चरबीशिवायचा निघाला. ५८ वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या बाईच्या मांडीतले स्नायू गेले तर वजन उतरूनही खुर्चीतून उठता येणार नाही, आणि सांधा बदलल्यावर चालायला शिकणंही लांबेल. म्हणून ताटात आधी प्रथिनं, मग भाकरी. किडनी ठीक असेल तर दिवसाला साठ-सत्तर ग्रॅमच्या आसपास. एका अंड्यात सहा ग्रॅम, मोठ्या कपभर दुधात सहा-सात, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळीत तेवढंच. हुलग्याचं माडगं, मटकी, पावटा, मूठभर शेंगदाणे, दही, हे सगळं घरातलंच आहे. महागड्या पावडरीचा डबा पहिल्या दिवशी आणायची गरज नाही. माळकरी घर असेल तर दूध-दही-डाळीवर भर. उपास मात्र बोलून ठरवा. संकष्टी-एकादशीला साबुदाणा आणि बटाटा एवढंच, आणि वर ग्लिमेपिराइड, हे गणित इंजेक्शनानंतर जास्तच बिघडतं. नवरात्राचे नऊ दिवस कडक करायचे असतील तर डॉक्टरला आधी सांगा, नंतर नको.

व्यायाम म्हणजे चालणं असं सगळे धरून चालतात. गुडघे गेलेल्या माणसाला 'रोज पाच किलोमीटर चाला' सांगणं सोपं आणि निरुपयोगी. खुर्चीत बसून पाय सरळ करून धरणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, लिटरची पाण्याची बाटली उचलणं, एवढं आठवड्यातून तीन-चार दिवस. फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या.

किती महिने? मी पेशंटला महिन्यांत उत्तर देत नाही. सेमाग्लुटाइडच्या त्याच २०२१ च्या चाचणीतल्या काही लोकांचा औषध बंद केल्यानंतर वर्षभर पाठपुरावा केला, तेव्हा उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला होता. बीपीची गोळी बंद केल्यावर बीपी वाढतं, तसंच हे. त्यामुळे 'सहा महिन्यांचा कोर्स' कुणी विकत असेल तर तो अर्धवट गोष्ट विकतोय. काहींना पुढे कमी डोसवर ठेवता येतं, काहींचं साखरेसाठी म्हणून चालूच राहतं, काहींना बंद करावं लागतं. पण ठरवताना निदान तीन वर्षांचा खर्च डोळ्यांसमोर हवा.

खर्चाचं बोलू. मौंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा ५ मिलिग्रॅमच्या एका वायलला (आठवड्याच्या डोसच्या छोट्या बाटलीला) ४,३७५ रुपये होते, म्हणजे चार आठवड्यांचे साडेसतरा हजार. वेगोवी जून २०२५ मध्ये आलं, सुरुवातीच्या डोसचा महिना १७,३४५ ला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याची किंमत खाली आणली गेली. सेमाग्लुटाइडचं इथलं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलं, त्यामुळे ते बनवायला देशी कंपन्या मोकळ्या झाल्या. टिर्झेपॅटाइडचं पेटंट अजून बरीच वर्षं आहे. आजचा भाव मेडिकलमध्येच विचारा, आणि तुमच्या आईला पुढे लागेल त्या डोसचा विचारा. पहिल्या महिन्याचा डोस सर्वांत स्वस्त असतो, तो ऐकून हिशेब करू नका. मेडिक्लेमच्या भरवशावर तर अजिबात राहू नका.

तुमचं घर बागेवर चालतं, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. द्राक्षाचे पैसे वर्षातून एकदा येतात आणि अवकाळी झाला तर येतही नाहीत. औषधाची निवड चांगल्या वर्षाच्या हिशेबानं केली, तर वाईट वर्षी पहिली कात्री त्यालाच लागेल. आणि आईच म्हणतील, "माझ्यापायी कशाला एवढं." दोन-तीन महिने खंड पडल्यावर परत एकदम मोठ्या डोसनं सुरू करता येत नाही, पुन्हा खालून चढावं लागतं, पुन्हा मळमळ. तेव्हा वाईट वर्षातही तुमच्या पगारातून निघेल तेच औषध निवडा. चाचण्यांत टिर्झेपॅटाइड सरस आहे, यात वाद नाही. पण तीन वर्षं सलग चालणारं सेमाग्लुटाइड, पाच महिन्यांत बंद पडणाऱ्या टिर्झेपॅटाइडपेक्षा तुमच्या आईला जास्त उपयोगी. ब्रँडच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच आहे.

डोस चढवायची घाईही नको. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमनं आणि टिर्झेपॅटाइड २.५ नं सुरू होतं; पहिले चार आठवडे फक्त पोटाला सवय लागण्यासाठी असतात. त्यात वजन फारसं उतरत नाही, आणि उतरलं नाही म्हणून डोस वाढवायचा नसतो. खालच्या डोसवर साखर आणि भूक दोन्ही आटोक्यात असतील तर वरचा डोस गाठलाच पाहिजे असा नियम नाही. तेवढेच पैसे वाचतात. इंजेक्शनाचा वार गावच्या आठवडी बाजाराच्या दिवसाला बांधा, विसरत नाही.

बिलाशिवायचं पेन नको. जागतिक आरोग्य संघटनेनं जून २०२४ मध्ये बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जगभर इशारा दिला होता. मागणी एवढी वाढली की नकली माल येणारच. आणि माल अस्सल असला तरी प्रवासात तो कुठल्या डिकीत, किती उन्हात राहिला ते तुम्हाला कळणार नाही. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं, फ्रीजरला चिकटून नाही, कारण गोठलं की वाया. मौंजारो फ्रीजबाहेर ३० अंशांखाली जास्तीत जास्त २१ दिवस चालतं, पण मे महिन्यात तासगावात ३० अंशांखालची जागा फ्रीजशिवाय कुठली? सांगलीहून नेताना थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पिशवीला थेट न टेकवता, कापडात गुंडाळून.

वायल घेणार असाल तर सिरिंजचा घोटाळा टाळा. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन सिरिंज मिळतात: लाल टोपीची, मिलिलिटरला ४० युनिटची, आणि नारिंगी टोपीची, १०० युनिटची. मौंजारोच्या एका वायलमधलं अर्धा मिलिलिटर औषध म्हणजे एकच पूर्ण डोस. ते नारिंगी सिरिंजवर ५० च्या रेघेला येतं आणि लाल सिरिंजवर २० च्या. 'पन्नासपर्यंत ओढा' असं फोनवर सांगितलं आणि घरात लाल सिरिंज निघाली, की गोंधळ. पेन असेल तर हा प्रश्नच येत नाही. पहिलं इंजेक्शन दवाखान्यात, समोर बसून द्यायला शिका.

बहिणीबद्दल: तुम्ही लिहिल्याप्रमाणे ६१ किलो, १६० सेंटिमीटर, बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २३.८. भारतीय लोकांत २३ च्या वर सावध राहायचं आणि २५ च्या वर स्थूलता धरायची, हे खरं. कमी वजनातही आपल्या अंगात चरबी जास्त असते, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी जगाला दाखवलं. पण वजनासाठी या इंजेक्शनांची मान्यता ३० च्या वर आहे, किंवा २७ च्या वर आणि सोबत काही आजार असेल तर. तिला नको. लग्नाच्या फोटोंसाठी तर नकोच. शिवाय गरोदरपणात हे चालत नाही. सेमाग्लुटाइड तर किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. टिर्झेपॅटाइडनं गर्भनिरोधक गोळीचा परिणामही कमी होऊ शकतो.

मिरजेच्या सर्जनकडे परत एकदा जा. आईचा बीएमआय ३९.८ येतो. अनेक सर्जन ४० च्या वर ऑपरेशन टाळतात. पण २०२३ मध्ये अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञ आणि सांधेबदल सर्जनांच्या संघटनांनी मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत केवळ वजनाच्या आकड्यासाठी ऑपरेशन लांबवू नये असं म्हटलंय. लांबवायचं ते आटोक्यात नसलेल्या साखरेसाठी, कारण जंतुसंसर्गाचा धोका तिथे आहे. म्हणून सर्जनला थेट विचारा: अडलंय ते ९२ किलोवर की ८.६ वर? उत्तर साखर असं आलं, तर इंजेक्शनाशिवायही, गोळ्या नीट लावून किंवा थोडं इन्सुलिन देऊन, काही महिन्यांत ती खाली आणता येते. इंजेक्शन चालू असताना ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञाला सांगणं सक्तीचं समजा. जठर हळू रिकामं होत असल्यानं काहीजण आठवडाभर आधी थांबवायला सांगतात, काही आदल्या दिवशी फक्त पातळ आहार. या वजनाला बॅरिएट्रिक सर्जरीचाही (वजन उतरवण्यासाठी पोटाच्या ऑपरेशनाचाही) विचार होऊ शकतो. ती खर्चिक आहे, पण मोठा खर्च एकदाचा असतो. तुम्हाला ती टोकाची वाटेल, तरी एकदा त्या डॉक्टरांशीही बोला, म्हणजे तुलना तरी खरी होईल.

आणि आई नाही म्हणाल्या तर? तर नाही. डबा नीट लावून घ्या, डोळे-किडनी तपासा, दुखण्याच्या गोळ्या बंद करा, अंडी-उसळ वाढवा, फिजिओ सुरू करा. यातल्या एकाही गोष्टीला इंजेक्शन लागत नाही. तीन महिन्यांनी परत साखर तपासायची वेळ येईलच, तेव्हा विषय पुन्हा काढा. त्या वेळी त्यांना एकट्यालाच डॉक्टरसमोर दहा मिनिटं बसू द्या. तुम्ही आणि अण्णा बाहेर थांबा.